हर्षालीची जाहिरात

नागावातल्या बंगल्यांच्या फाटकांवर हर्षालीने दोनशे पत्रकं लावली होती : ‘स्विमिंग पूल साफ करून मिळेल.’ महिनाभरात एकही फोन आला नाही. रिसॉर्टमधली नोकरी सोडून आपण चूक केली, असं तिला वाटायला लागलं होतं.

शेवटी ती रस्त्यालगतच्या बंगल्यात गेली. तिथे कुमुद वर्तक या निवृत्त शिक्षिका एकट्याच राहत. दोन वर्षांत त्यांच्या पूलचं पाणी हिरवंगार झालं होतं.

“बाई, मी फुकट साफ करून देते. फक्त आधीचा आणि नंतरचा फोटो काढू द्या. लोकांना माझं काम दिसलं पाहिजे.”

चार दिवस ती शेवाळ घासत होती, पाणी गाळत होती. पाचव्या दिवशी तळाच्या निळ्या फरशा दिसल्या, तेव्हा बाई कठडा धरून पाण्यात उतरल्या. एरवी गुडघ्यांमुळे त्यांना अंगणसुद्धा ओलांडवत नसे. पाण्यात मात्र त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि डोळे पुसत परत आल्या.

हर्षालीने मोबाइल वर केला.

“फोटो राहू दे गं,” बाई म्हणाल्या. “रविवारी मैत्रिणींनाच चहाला बोलावते. त्यांच्याकडेही अशीच डबकी झाली आहेत.”

रविवारी सहाजणी आल्या. चहा तसाच निवला, कारण सगळ्या पंजाबी ड्रेससकट पाण्यात उतरल्या होत्या.

“अगं, आमच्याकडे कधी येतेस?” एकीने पाण्यातूनच विचारलं.

हर्षाली वार सांगणार, तेवढ्यात पलीकडून दुसरी ओरडली, “आधी माझ्याकडे!”