सुरीची मूठ
अलास्कातल्या नदीकाठी मासाक म्हातारी अर्धगोल सुरीनं मासे चिरत होती. शेजारी नात गोठलेल्या दरडीतून निघालेल्या डायनासोरच्या पायाचे तुकडे जुळवत होती. “उन्हाळाभर खणलंस, वाटीभर रस्सा निघाला का गं?” म्हातारीनं चिडवलं. नातीची नजर सुरीच्या हाडाच्या मुठीवर खिळली. “आजी, ही मूठ कुठली?” “दरडीखालीच सापडलेलं हाड. तुझ्या आईच्या जन्माआधी कोरलं.” नातीनं मुठीचं टोक तुटक्या पायाला लावलं; नेमकं बसलं. “पिल्लाचंय, आजी.” मासाक ओशाळली. शिकारीची हाडं समुद्राला परत द्यावीत, नाहीतर जनावर रुसतं, असं पोरांना तीच बजावायची. हे मात्र तिला बेवारस वाटलं होतं. तिनं खिळे उपटून मूठ नातीच्या हाती दिली. हाडावर मासाकच्या बोटांचे खळगे पडले होते. “याची आई सापडली?” “अजून नाही.” “सापडली, तर तिला हे खळगे दाखवू नकोस.”