फोटोतला मधला माणूस

"चेहरा माझा आहे, हुजूर. पण मी तिथे तसा नव्हतो," दाजीसाहेब म्हणाले.

मॅजिस्ट्रेटने हातातला फोटो पुन्हा पाहिला. हरसूलकडचे सरकारी राखीव रान. गवत कापून कायदा मोडणारे गावकरी. आणि त्यांच्या बरोबर मध्ये, पांढरी टोपी घालून, विळा छातीशी धरून दाजीसाहेब. आज कोर्टात ते काळी टोपी घालून आले होते.

कॅमेरा त्यांचाच होता. नाशकात असा दुसरा नाही, हे ते न विचारता सांगत. तीस सालचा हा जंगल सत्याग्रह आपण कॅमेऱ्याच्या काचेवर उतरवून ठेवणार, पुढचे लोक आपले नाव घेतील, असेही सांगत. त्या दिवशी लोकांचे गवत कापून झाले होते. भारे बांधून ते निघाले होते. दाजीसाहेबांनी भारे सोडायला लावले, पुन्हा वाकायला लावले. ऊन जमेना म्हणून इकडचे तिकडे हलवले. मग आपणही फोटोत हवे, असे त्यांच्या मनात आले. गावकऱ्यांतल्या केरूचा विळा मागून घेतला. कॅमेऱ्याच्या नळीचा रबरी फुगा जवळ उभ्या असलेल्या कुसाबाईच्या हातात दिला. ए बाई, मी मान हलवली की दाब, असे सांगून ते लोकांना सारून मध्ये उभे राहिले.

फोटो चांगला आला. इतका, की त्यांनी तो मेनरोडवर ओळखीच्या दुकानाच्या काचेत लावला. तिथे तो फौजदाराने पाहिला. गावात जाऊन, फोटोवर बोट ठेवत, त्याने एकेकाला उचलले. कुसाबाईचा नवरा बहिरूही त्यात होता. मधल्या माणसासाठी गावात जावे लागले नाही.

गावकऱ्यांनी गुन्हा कबूल केला. सत्याग्रहीची रीतच ती. वकील नको, दया नको. गवत कापले का? कापले. दाजीसाहेब मात्र बोलतच राहिले. आपल्याला फक्त फोटोचा छंद. विळा दुसऱ्याचा. फोटो काढणारी बाई बाहेर बसली आहे, तिला विचारा.

त्या बाईला त्यांनी सकाळीच कोर्टाच्या ओसरीवर गाठले होते. तेव्हा ती कुसाताई झाली होती. तुझ्या एका शब्दावर माझी अब्रू आहे, ताई, म्हणत त्यांनी हात जोडले होते. कुसाबाई तंबाखू मळत राहिली होती.

आता ती आत आली. मॅजिस्ट्रेटने फोटो तिच्यापुढे धरला आणि विचारले, हा मधला माणूस सत्याग्रहात होता का? ती हो म्हणाली की दाजीसाहेब सहा महिने आत. पिंजऱ्यातले सगळे तिच्याकडे बघू लागले.

तिने फोटो पाहिला. मग दाजीसाहेबांची काळी टोपी पाहिली.

"फोटोत हाय, सायेब," ती म्हणाली. "आमच्यात नव्हता."

दाजीसाहेब सुटले. त्यांनी वाकून नमस्कार केला, तोही मॅजिस्ट्रेटला. मॅजिस्ट्रेट कुसाबाईला म्हणाला, तूही घरी जा, तू काही फोटोत नाहीस.

"नाय फोटोत," ती म्हणाली. "पर गवत म्या बी कापलंय."

आणि ती पिंजऱ्याकडे चालू लागली. बहिरूने सरकून जागा केली.