पत्र्यावरच्या चपला

शाळा सुटल्यावर सातवीतली द्वारका फळा पुसून शेवटी बाहेर आली, तर दारातली चपलांची रांगच नाहीशी! दहावीची पोरं रोज तिच्या एकटीच्याच तुटून पुन्हा शिवलेल्या चपला पत्र्यावर भिरकावत आणि ती शिडी चढू लागली की खिदळत.

तिनं वर पाहिलं. अख्खा पत्रा चपलांनी भरला होता. खाली तापलेल्या फरशीवर तिचा सगळा वर्ग अनवाणी उभा होता.

"आमच्या आम्हीच टाकल्या," मॉनिटर दहावीच्या म्होरक्याला म्हणाली. "आता सगळ्यांच्याच काढून द्या, दादा. तोवर आम्ही हलत नाही."

म्होरक्यानं शिडी लावली.

द्वारका आ वासून बघतच राहिली. चाळीस जोडांच्या त्या पसाऱ्यात आपला जोड कुठला, हे तिलाच ओळखू येईना.