मामांनी भट्टी विकली, तीही कायदेशीर

"भट्टी गरम आहे ना?" मामांनी दारातूनच विचारलं. मामींनी मान डोलावली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

मागोमाग वकील आत शिरले आणि त्यांच्यामागून नवं हॉटेल काढायला निघालेली एक तरतरीत बाई. मामांची जुनी भट्टी तिला विकत घ्यायची होती. मामांना ती कशीही करून विकायची होती. आजच.

कारण मामांच्या मते त्यांच्या हॉटेलाचं वाटोळं ह्या भट्टीनंच केलं होतं. मामांनी कोंबडी आत ठेवली की ती वरून कोळसा होऊन बाहेर येई आणि आतून कच्ची. समोर टोपीवाल्याच्या हॉटेलाच्या दारात मात्र रांग. टोपीवाल्यासारखी भट्टी आली की बघा, असं मामा येईल त्याला ऐकवत. येणारेही आता फार उरले नव्हते. मामींनी एकदा 'मी लावून बघू का' म्हटलं होतं, तर मामांनी त्यांना गल्ल्यावर बसवलं ते कायमचं. भट्टी हे बाईमाणसाचं काम नव्हे म्हणे.

आता अडचण होती वकिलांची. जुन्या हॉटेलचं सामान विकलं जाताना हा गृहस्थ भलताच काटेकोर. मिक्सर फिरवून, फ्रिज गार करून आणि भट्टीत भाजलेलं स्वतः चाखून झाल्याशिवाय 'चालू स्थितीत' हे शब्द कागदावर उमटवायचाच नाही.

म्हणून सकाळी स्टॅम्पपेपर आणायला निघताना मामांनी मामींच्या कानात मंत्र दिला होता. टोपीवाल्याकडची भाजलेली कोंबडी गुपचूप आणायची, आपल्या भट्टीत सरकवायची आणि भट्टी पेटती ठेवायची. बस्स.

वकिलांनी भट्टीचा नंबर उतरवून घेतला. समोरून, मागून फोटो काढले. मूळ पावती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, उघडा.

मामांनी दार उघडलं आणि हॉटेलभर असा वास सुटला की रस्त्यावरून चाललेला पोस्टमन सायकलवरून उतरला. कोंबडी सोनेरी, खमंग, हात लावला की हाडापासून सुटणारी. बाईंनी एक घास घेतला आणि डोळेच मिटले. वकिलांनी चव बघायची म्हणून एक तंगडी उचलली आणि खात्री करायची म्हणून दुसरी.

"मसाला कुठला हो, मामा?" बाईंनी विचारलं.

"मसाल्याचं काय घेऊन बसलात," मामा छाती फुगवून म्हणाले. "सगळी भट्टीची करामत."

बाई हरखून गेल्या. त्या भट्टीवरून हात फिरवायला गेल्या आणि चटका बसला तरी हसल्या. त्यांनी सांगितलेली किंमत मामांनी मनातल्या मनात उड्या मारत पण चेहरा पाडून मान्य केली.

वकिलांनी लिहायला घेतलं. रिवाजाप्रमाणे त्यांनी शेवटी एक कलम सुचवलं. आठवडाभरात कुणालाही वाटलं, तर व्यवहार मोडता येईल. मामांच्या अंगावर सरसरून काटा आला. उद्या बाई स्वतः कोंबडी भाजणार आणि परवा भट्टी परत दारात.

"छे छे," मामा म्हणाले. "विकली ती विकली. त्यांनी परत द्यायची नाही, मी परत मागायची नाही. जन्मात नाही. असंच लिहा, आणि ठळक लिहा."

बाईंनी त्यांच्याकडे जरा कौतुकानं पाहिलं. आपल्या मालावर एवढा भरवसा असलेला माणूस विरळाच. सह्या झाल्या, अंगठे उठले, शिक्का बसला. हमालांनी पोती गुंडाळून भट्टी टेम्पोत चढवली आणि टेम्पो बाईंच्या टाळ्यांच्या गजरात कोपऱ्यावरून वळला.

मामांनी टेबलावर ताल धरला. पोट धरधरून हसले. उरलेला एक तुकडा त्यांनी तोंडात टाकला, बोटं चाटली आणि शत्रू असला तरी टोपीवाल्याच्या हाताला दाद दिली. मग मामींना विचारलं, त्याला संशय नाही ना आला?

"त्याच्याकडे आज कुलूप होतं," गल्ला पुसत मामी म्हणाल्या. "मग मीच लावली एक कोंबडी आपल्या भट्टीत."