सेवा बघावी तर अशी

अन्नाची नळी नाकातून आत सरकली तसा कृष्णकांतने नर्सचा हात धरला. धरला तो सोडेना. मग नळी उपसू नये म्हणून हर्षितने बापाचे दोन्ही हात खाटेला बांधले. आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या होत्या. मऊ आहेत, काचणार नाहीत, असं तो म्हणाला.

"झालं एकदाचं," आत्माराम म्हणाला. तो कृष्णकांतचा धाकटा भाऊ. नळीसाठी सगळ्यात जास्त तोच भांडला होता.

कृष्णकांत आधी चिकूची वाडी विसरला, मग मुलगा विसरला. आता गिळायचंही विसरत चालला होता. नळीआधी आनंदी नवऱ्याला पेज भरवायची, वर माशाच्या कालवणाचं चमचाभर पाणी. एक घास द्यायचा, गळा हलेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. कधी चार घासांतच तो तोंड मिटायचा आणि तिच्या तळव्यावर गाल टेकून डोळे लावायचा. भेटायला येणारे त्याच्या बरगड्या बघायचे आणि अंगणात जाऊन कुजबुजायचे, "म्हाताऱ्याला उपाशी मारते बाई."

पालघरच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं. नळीने आयुष्य वाढेलच असं नाही. खाईल तेवढं भरवा, त्रास होऊ देऊ नका. आत्माराम तिथेच कडाडला होता, "माझ्या भावाला उपाशी ठेवू? लोक तोंडात शेण घालतील आमच्या!" हर्षित कुंभवलीला कारखान्यात सुपरवायझर, चार माणसांत ऊठबस असलेला. त्याने मान डोलावली. आनंदीला कोणी विचारलंच नाही.

आता हर्षित सकाळ-संध्याकाळ नळीतून पातळ पेज सोडायचा. आनंदीला काम उरलं नाही. ती खाटेशी नुसती बसून राहायची आणि कृष्णकांत मनगटं ओढत राहायचा. गंमत म्हणजे, आता कुठे गावात तिचं नाव झालं. जो येई तो नळीकडे बघून हात जोडी. "सेवा बघावी तर अशी!"

एका रविवारी बाकीचे उठून गेले तरी आत्माराम बसून राहिला. हर्षित बाजारात गेला होता.

"वयनी," तो हळू आवाजात म्हणाला, "काल मी एकटाच पालघरला गेलतो. त्याच डॉक्टरकडे. मागे एकदा घराची वाट चुकलो, तवापासून भ्या वाटत होतं. डॉक्टर बोलला, दादाचंच दुखणं हाय."

आत्मारामने खाटेवरच्या नळीकडे बघितलं.

"पोरांना अजून सांगितलं नाय. पण ती मलाबी नळी घालणार, मला म्हायत हाय. मला नको ती." तो आणखी जवळ सरकला. "दादाला भरवायचीस, तसं मला भरवशील? चार घास गेले तर गेले."

आनंदीच्या ओठांवर बरंच काही आलं. ते तिने तिथेच अडवलं.

"भरवीन," ती म्हणाली. "पण आधी ह्यांचे हात सोडा. तुमीच सोडा, भाऊजी."

आत्माराम उठला. त्याने आधी दाराला आतून कडी घातली. मग गाठ सोडायला घेतली.