उज्ज्वलाचा होकार

"ताई, पंच्याहत्तरीपुढच्यांना आता डायलिसिस मिळत नाही. कालच कायदा झाला," परिचारिका म्हणाली.

वडिलांना बाकावर बसवून आलेली उज्ज्वला बिराजदार चिडली. "असल्या कायद्याला हो म्हटलं तरी कुणी?"

"लोकांनीच. फोनमध्ये बघा, तुमचंही मत दिसेल."

रोज नव्या कायद्यावर मत देऊन ती कंटाळली होती. म्हणून हल्ली तिच्या घरातल्या बोलण्यावरून फोनच तिच्या वतीने मत देई. तिने पाहिलं. होकार होता. खाली कारण म्हणून तिचंच वाक्य होतं, कधीतरी बातम्या बघता बघता सहज बोललेलं: 'म्हाताऱ्यांवर किती खर्च करायचा सरकारने?'

ती बाकापाशी परतली.

"काय गं, काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"आप्पा, मीच हो म्हटलंय."

आप्पा थोडे सरकले. "दमलीयस तू. बस जरा."