डोळ्यांच्या धंद्याची सरासरी

"तुमचा नफा शेकडा साडेबारा. आणि या धंद्याची सरासरीही शेकडा साडेबारा. बरोब्बर!" बँकेच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला. "सरासरी बघून आकडे लिहिलेत ना?"

डोळेवाला गांगरला. गेली एकोणीस वर्षं तो बाहुल्यांचे काचेचे डोळे बनवत होता. काच तो ओतायचा, बुबुळं बायको रंगवायची. घरचंच माणूस, त्यामुळे तिच्या मजुरीचा खर्च शून्य. आता भट्टीलाच ही मोठी भेग पडली होती. कर्ज मिळालं नाही तर दुकानाला टाळं.

"साहेब, या धंद्यात मी एकटाच उरलोय. सरासरी माझीच निघणार ना!"

"असं? मग धंद्यातल्या आणखी कुणाकडून तरी लिहून आणा, की तुम्ही एकटेच आहात."

डोळेवाला घरी येऊन मटकन खाली बसला. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातला ब्रश धुतला.

"अहो, एवढंच ना? दुसरं दुकान मी काढते. लिहूनही मीच देते."

आणि खरंच काढलं की हो तिनं! जिन्याखाली एक टेबल, वर पाटी. बिघडले म्हणून नवऱ्यानं टोपलीत टाकलेले डोळे तिनं उचलले आणि मुद्दाम तिरळे रंगवले. तिरळ्या बाहुल्यांवर पोरं अशी काही फिदा झाली की विचारू नका. माल फुकटचा, भाडं नाही. तीन महिन्यांत तिचा नफा गेला शेकडा साडेसत्त्याऐंशीवर.

डोळेवाला ऐटीत तिला घेऊन बँकेत गेला. साहेबांनी दोघांचे आकडे मांडले, बेरीज केली, भागिले दोन केलं.

"सरासरी आली पन्नास. आणि तुम्ही? साडेबारा! अहो, धंद्याच्या पाव हिश्शावर चाललेल्या दुकानाला कर्ज द्यायचं तरी कसं?" मग ते बायकोकडे वळले. "बाई, तुम्हाला मात्र भट्टी आजच मंजूर. इथं सही करा."

डोळेवाल्याचे डोळे पांढरे झाले. ही नाही म्हणेल, असं त्याला मनापासून वाटलं. तिनं पेन मागून घेतलं आणि ठसठशीत सही ठोकली.

बाहेर आल्यावर त्याला राहवेना. "अगं, पण माझं काय?"

"असं काय करता? सोमवारपासून माझ्याकडे कामाला या. काच ओतायला माणूस लागणारच आहे मला."

"आणि पगार?" तो चाचरत म्हणाला.

बायकोनं मंजुरीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"तेही विचारलं साहेबांना. धंद्यात जो चालतो तोच द्या म्हणाले. तुम्ही मला जेवढा दिलात ना, तेवढाच देईन. एक पैसा कमी करणार नाही."